काहीच न झालेला माणूस

अन् मलप्पानं काय शिकवावं मला? म्हणं, ठणठणीत माणसानं सुई कशाला टोचून घ्यायची. आज रक्त तपासायची जीप येणार म्हणल्यावर गडी कामावरच आला न्हाई! अरं, मला तरी काय झालतं? काहीच न्हाई झालतं. तुमाला सांगतो गड्यांनो, उदगीरच्या या मोंढ्यात वीस वर्षं गव्हाची पोती वाहिली या पाठीवर, भूकंपात किल्लारीला जाऊन मलब्यातनं तुळया उचलल्या... अन् ती जीपमधली डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीएवढी, मलाच म्हणती, "ज्ञानोबाकाका, तुम्हाला गहू चालत नाही."

गहू? ज्याच्या पोत्यावर घर चाललं, त्योच?

झालतं असं, गेल्या साली ही जीप अशीच आलती. म्हणले, आजारी माणूस नको, धडधाकटच पायजे. मग पुढं कोण होणार? मीच. बाही वर केली, रक्त दिलं, त्यांनी बिस्कीटचा पुडा दिला, खाल्ला, आलो घरी. पंधरा दिवसांनी निरोप. सिलियाक का काय ते. बाई म्हणली, आतड्याला आतून टॉवेलासारखी लव असती, तुमची गव्हानं झडून राहिली. म्हणलं बाई, पोट दुखत न्हाई, जुलाब न्हाई, मला काय झालंय? तर म्हणती, शंभरात एखादा असतोच असा, वरून पैलवान, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मग शंभरात मीच घावलो का? अन् बिस्कीट कुणी दिलतं? तिनंच की!

तरी पोळी सोडली. सहा महिन्यांनी तपासलं तर जैसे थे. काय काय खाता, म्हणली. म्हणलं सकाळी चहात खारी, सणाला शेवया, रोजचे धपाटे. बाईनं कपाळाला हात लावला. आता खारी गव्हाची असती हे मला कोण सांगणार? अन् आमची पंचफुला धपाट्यात मूठभर कणीक घालती, म्हणं थापताना तुटत न्हाईत. नवऱ्याचं आतडं तुटलं तरी चालतंय, धपाटं तुटू न्हाई!

मग बाई म्हणली, ही बिमारी रक्तातनं उतरती, घरात रक्ताचं कोण कोण हाय? बुद्धप्रिया. पोरगी लातूरला क्लासला, मेसच्या पोळ्यांवर. चक्कर येती, केस गळत्यात, रक्त सात. क्लासवाले म्हणायचे अभ्यासाचं टेन्शन, माय म्हणायची दृष्ट, अन् मी? मी फोनवर वरडायचो, "दोन पोळ्या जास्तीच्या खा!" बापच इख चारून राहिला. तपासली. तीच बिमारी. आता ज्वारीची भाकर खाती, रक्त अकरावर आलंय. मला काहीच झालं नव्हतं ते सापडलं, म्हणून पोरीचं सापडलं. नस्ता पोरगी...

जाऊ द्या.

आता दुखणं एकच. लग्नाच्या पंगतीत खिशातनं भाकर काढणारा मी एकटा. घरधनी इचारतो, आमची पोळी कडू हाय का? शेजारचा सरकून बसतो. तर ऐका, मोंढ्यात आपण तीनशे हमाल. बाईच्या हिशेबानं इथं अजून दोघं हायेत, मिशीला पीळ देऊन बसलेले, काहीच न झालेले. मला ते दोघं पायजेत. पंगतीला सोबत.

जीप लिंबाखाली उभी हाय. बाह्या वर करा. अन् दोघंजण जाऊन मलप्पाला घरनं उचलून आणा, पोतं आणत्यात तसा.