लाल बोटीचा देखावा

कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या पोस्टात रांग हलत नव्हती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या, वर टेकडीवर राहणाऱ्या मिसेस प्रेस्कॉटनी शेजारच्या म्हातारीपुढे कागद धरला.

"सही करता का? खाडीतल्या हाउसबोटी हलवायचा अर्ज आहे. वरून आमचा सगळा देखावा नासतो हो."

"करते की. पण मी राहते त्याच बोटींत."

"अगंबाई! कुठली तुमची?"

"लाल. दारात सूर्यफुलं."

"ती? छे, ती राहू दे! तिच्यामुळेच तर आम्ही घर घेतलं. जाहिरातीत तिचाच फोटो होता."

"ठाऊक आहे. तुमच्या दलालानंच रंगवून दिली, फुकटात."

"मग बाकीच्यांनीही रंगवाव्यात ना!"

"सांगेन त्यांना. मी मात्र आता बोट विकतेय. माझ्या जाहिरातीत तुमचं घर आहे."

"आमचं? खरंच?"

"माझ्या खिडकीतून बरोब्बर तेच दिसतं. म्हणून एक विनंती होती."

"अहो, बोला ना."

"रविवारी फोटोवाला येतोय. तुमच्या यजमानांना म्हणावं, गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टबातून निघताना तेवढा टॉवेल गुंडाळा. देखावा नासतो."