बेंदराची जोडी

शालूबाई : आन ह्या घरची सून म्हनून तू उद्या ह्यी चोळी घालून ठेसनावर उभी ऱ्हानार? एक बाही लाल, एक पिवळी. बेंदूर अजून लांब हाय गं. तवर तुजी शिंगं कुनी रंगवली?

राहीबाई : मीच रंगवली, आत्याबाई. पिवळी बाही हळदीच्या पान्यात बुडवून काढली. लाल हाय ती पाटलाच्या जुन्या फेट्याची.

शालूबाई : पाटलाच्यात फेटा मागाया गेलीस?

राहीबाई : मागाया कशाला? त्येंनी शेतात बुजगावन्याच्या डोईला बांदला हुता. म्या बुजगावन्याला आपलं फडकं बांदलं आन फेटा घिऊन आले. त्यानं काय तक्रार केली न्हाई.

शालूबाई : आता काय बोलावं हिला. आन पाठीला ह्ये काय बाय जोडलंयस?

राहीबाई : जिनपालशेटच्या दुकानाम्होरं शिंपी बसतो न्हवं, त्येच्या मशिनीखाली कातरन पडती. मी ओटा झाडून देते, कातरन पदराच्या वट्यात घिऊन येते. निळं हाय, ठिपक्याचं हाय. मदी एक जांभळा तुकडा लय झ्याक गावला.

शालूबाई : त्याची वाकळ शिवली आसतीस तर थंडीला तरी उपेगी पडली आसती. चांगलं कंट्रोलचं, रेशनवर गावल्यालं लुगडं हाय की घरात. समद्या गावच्या बाया तेच नेसत्यात.

राहीबाई : म्हनून तर.

शालूबाई : म्हनून तर काय?

राहीबाई : रजा सरली आन हे लढाईवर परत निघालं, तवाबी समद्या तेच नेसल्या हुत्या. एकाच गठ्ठ्यातली लुगडी, शेवाळाच्या रंगाची. डोईवरनं पदर घिऊन आमी गावच्या समद्या बाया ठेसनावर उभ्या. ह्येंनी डब्यातनं हात केला. "आगं ए, जपून ऱ्हा," म्हनलं. मी हात वर करस्तवर रंगुबाईनं मान हालीवली.

शालूबाई : रंगीनं? आपल्या शेजारच्या?

राहीबाई : तिला वाटलं, तिचाच मालक बोलतोय. ह्येंना वाटलं, ती मीच हाय. चारचौघांत नाव घिऊन हाक कशी मारनार? तवर गाडी हालली. माजा निरोप तिनं घेतला, आत्याबाई. मागनं तिला उमगलं, तर हिरीवर हसत सांगत सुटली, "राही, तुज्या मालकानं मला जपून ऱ्हायाला सांगितलंय."

शालूबाई : मला कवा बोलली न्हाईस.

राहीबाई : काय बोलू? समद्या हसल्या, मीबी हसले. घरी यिऊन जात्यावर बसले, तवा रडले.

शालूबाई : बरं, झालं ती झालं. लढाई सरली. भावकीतला कृष्णात काल सांगून गेला न्हवं, उद्याच्या गाडीनं आपल्याकडची गडी येत्यात, आपला जोतिबाबी आसंल. उतरला म्हंजी घरीच येनार की. त्याला काय चोळी लागती व्हय?

राहीबाई : कृष्णात भावजी "आसंल" म्हनलं. "हाय" न्हाई म्हनलं. रातभर तेवढा एकच शबुद चघळत बसले. आन मी आता किती वाळले बघा. आरशात माजी मलाच वळख पटंना, ह्येंना कशी पटावी? मागल्या बारीची नजर दुसरीनं नेली. ह्या बारीला पयली नजर मला पायजे. गाडी लांब आसतानाच दिसाया पायजे मी.

शालूबाई : लोक म्हनतील, मालक लढाईवर आन हिला नटायचं सुचतंय.

राहीबाई : म्हनूं द्या. लोकांसाठनं न्हाई शिवली.

शालूबाई : आन इकडं. बघू तरी. माज्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला मेलीला लाल-पिवळं तेवढं कळतंय.

(शालूबाई चोळी मांडीवर घेऊन चाचपते. काखेपाशी बोटं थांबतात.)

शालूबाई : ह्यो जरीचा काठ... राही, ह्यी जोतिबाची कुंची हाय.

राहीबाई : व्हय.

शालूबाई : गाठोड्यात तळाला ठेवली हुती म्या.

राहीबाई : उंदरानं खाल्ली हुती, आत्याबाई. तुमी जिवाला लावून घ्याल म्हनून सांगितलं न्हाई. ऱ्हायला तेवढा तुकडा काखंत लपवला. टाकून द्यायाला हातच झाला न्हाई.

शालूबाई : माज्या आयनं शिवली हुती, बारशाला. कुंची घातली की कडंवर बसून सारखा माज्या तोंडाकडं बघायचा. मी हिकडं वळले की हिकडं, तिकडं वळले की तिकडं. त्या दिशी ठेसनावर मीबी हुते की गं. तुज्या मागंच. त्यानं रंगीला तरी हात केला. माज्याकडं त्याची नजर वळलीबी न्हाई.

राहीबाई : तुमीबी कवा बोलला न्हाईसा.

शालूबाई : आयनं काय बोलायचं? ल्योक आपल्याकडं बघंना म्हनून सुनंकडं रडायचं? पन लय वाटतं गं. एक डाव तसं बघावं त्यानं.

राहीबाई : उसवू तो तुकडा?

शालूबाई : उसव. माज्या पदराला लाव. कोपऱ्यात नगं, डोईवर येतो तितं.

राहीबाई : आन माजी काख उघडी पडंल ती?

शालूबाई : माज्या पदराचा तुकडा काप आन तितं बसीव.

राहीबाई : पयली नजर मातुर...

शालूबाई : पयली तूच घे. दुसरी मला ऱ्हाऊ दे. रंगीला तिसरीबी नगं.

राहीबाई : तुमच्या वयाला लोक हसत्याल, आत्याबाई.

शालूबाई : हसू देत. बेंदराला एकच बैल मिरवतंय व्हय कुनी? जोडी लागती.