शिशाची चकती

...नाही, धाकटा नाहीये. संग्रहालयात गेलाय, आठवड्यातून दोनदा गाडी पाठवतात त्याला न्यायला. तुम्ही त्याच्यासाठीच आला असणार — सगळे त्याच्यासाठीच येतात, माझ्या डोक्यावरून आत बघतात. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. जमिनीतून निघालेल्या, न धुतलेल्या जुन्या नाण्यांची पिशवी नेली होतीत ना आमच्याकडून, अर्धा किलोची? मग त्यात नाणं नसलेलं काहीतरी निघणारच. जमिनीतून काढणारा कशाला निवडत बसतोय — हिरवं दिसलं, टाकलं पिशवीत. बकलचे तुकडे, बाणांची टोकं, गुंड्या. तीस वर्षं मी तेच निवडतोय. आणि धाकट्याला शिकवलं कोणी? मीच. भावंडं आहोत पण बारा वर्षांचं अंतर आहे, पोरासारखा वाढवलाय त्याला मी — भिंग कसं धरायचं, सुईनं माती कशी उकरायची, सगळं माझ्याकडून शिकला. आणि चार वर्षांपूर्वी मी एक ढेकूळ भंगारच्या डब्यात टाकलं, मोडकं बकल म्हणून, चारचौघांसमोर. यानं ते उचललं, पंधरा दिवस त्याच्यावर वाकून बसला, आणि निघाली काय — अंगठी, आणि अंगठीलाच किल्लीचे दात. बोटात घालून मिरवायची किल्ली. पेपरात फोटो आला. ते कात्रण तुमच्या मागे भिंतीवर आहे, बाबांनी जायच्या आधी स्वतःच्या हातानं लावलं. डाव्या कोपऱ्यात ट्रे धरलेला हात दिसतो ना, तो माझा. मला वाईट वाटलं? छे, वाईट कशाला वाटेल, मी स्वतः दहा पेपर विकत आणले. नऊ रद्दीत दिले, ती गोष्ट वेगळी. दाखवा, काय आणलंय ते.

...ही पिशवीत होती? हो, तसंच म्हणालात. चांगली साफ केलीत. शिसं आहे. मध्ये भोक आहे, म्हणजे — वजनबिजन असेल. जाळ्याचं असेल. नाही, याहून जास्त मला सांगता येणार नाही. असं बघू नका हो माझ्याकडे. बरं, ओळखतो मी हिला. कडेला अकरा रेघा आहेत आणि बारावीच्या जागी नुसता ओरखडा — मोजा हवं तर. धाकट्याच्या टेबलावर आठ महिने पडून होती ही, बशीत. त्याला उलगडेना. वजन म्हणावं तर कुठल्या मापात बसेना, मोहर म्हणावं तर तिला भोक कशाला? जेवताना वही उघडून बसायचा, बायको त्याची ओरडायची. आणि एके दिवशी ही बशी घेऊन माझ्याकडे आला — दादा, तुला काय वाटतं? चार वर्षांत पहिल्यांदा विचारलंन.

मला काय वाटणार, मला माहीतच होतं. टकळीची चकती आहे ही. सूत काढताना टकळी फिरत राहावी म्हणून खाली जड चकती बसवतात — भोक बघा, एका बाजूनं रुंद, एका बाजूनं अरुंद, काडी निसटू नये म्हणून. आमची आई लोकर कातायची. दुपारी खिडकीत उभी राहून, आणि ती चकती माझ्या नाकासमोर फिरायची. धाकटा दीड वर्षाचा होता ती गेली तेव्हा, त्याला तिचा चेहराही आठवत नाही. कुठल्या पुस्तकात सापडणार होतं त्याला ते? सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण मी म्हटलं — शिसं आहे रे, टाकून दे.

का म्हणजे? तुम्हाला भाऊ आहे? नाही? मग नाही कळायचं. मी सांगितलं असतं ना, तर त्यानं गावभर सांगितलं असतं, दादानं ओळखलं म्हणून. तसाच आहे तो, मनात काही ठेवत नाही. त्याच्या त्या चांगुलपणाचाच मला — जाऊ दे. आणि आई तेवढी माझ्या एकट्याची होती. बाकी सगळं होतंच की त्याच्याकडे. त्यानं ऐकलं, टाकली डब्यात. मग मीच ती उचलली, माती चोळली आणि नव्या पिशवीत सरकवली. पुन्हा डोळ्यांसमोर नको म्हणून. ती नेमकी तुमच्या वाट्याला आली. आता तुम्ही त्याला दाखवणार, तो विचारणार, ही पिशवीत परत कशी गेली —

काय? कधी दाखवलीत? मंगळवारी? मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो तेव्हा. मग काय म्हणाला तो?

'दादाला विचारा'?

एवढंच? नाही, पूर्ण सांगा, त्याचे शब्द सांगा. — 'दादानं बघताक्षणीच ओळखली होती. का सांगत नाही ते मी विचारलं नाही. तुम्हाला सांगितलं तर मलाही सांगा.'

हं.

ही धरा तुमची चकती. नाही, मी काही सांगितलेलं नाही तुम्हाला. निघा आता. गाडीचा आवाज आला बाहेर — मागच्या दारानं जा, इकडून.