देणगीदाराचा मान

—आवो, आत तर या पाव्हणं, दारातनं खोली कळती व्हय? ही खिडकी, ही मोरी. आन् शांतता म्हणाल तर बोलायचं काम न्हाई. रातपाळी करून यायचं, दुपारपातुर खुशाल पडायचं. — त्याच्याकडं काय बोट करताय? भोंगा हाय त्यो, आमच्या बिरोबाच्या देवळावरचा. म्याच दिलाय.

आता दिला म्हंजी — वरल्या आळीनं त्यांच्या देवळावर दोन-दोन भोंगं बसवलं, मग आमचा देव काय मुका हाय? आमचं मालक वारलं तवा त्यांच्या नावानं कायतरी करायचं हुतंच. दिला. तर कमिटीचं चेरमन, सोपानराव, म्हणलं, बानूबाई, देणगीदाराचा मान पयला — आन् भोंग्याचं तोंड केलं की माज्याच घराकडं! रोज आरतीच्या आदी पुकारायचं ठरलं — 'बानूबाई गेणबा कोळपे यांच्याकडून बिरोबाचरणी सप्रेम भेट.' आंगावर काटा यायचा वो.

तवा आवाज लई, खोटं कशाला बोलू? फळीवरची भांडी नाचायची, म्हस दूध चोरायची. त्याच्यावर कबुतरं बसत्यात ना, ती भोंगा खरखरला की समदी भुर्रकन उडायची. सून म्हणली, आत्या, तोंड फिरवायला सांगा. मान कुणी फिरवून मागतं व्हय? पर आता तसं न्हाई. दोन वरसं झाली, कमिटीला अक्कल आली म्हणा न्हाईतर मशीन थकलं म्हणा — मला तर कायबी ऐकू येत न्हाई. समदा मालच हलका निगतोय आजकाल. नवा कुकर घेतला, त्येची शिटीच वाजंना — दुकानदाराच्या तोंडावर मारला. माजी लेक साधना, पुण्याला दिलीया, फोनवर निस्ती पुटपुटती. शेरात गेली की माणसं वटातल्या वटात बोलत्यात. तुमीबी तसलंच, मघाधरनं निस्तं वट हलवताय.

पर राग कशाचा सांगू? आवाज कमी केला, करा. नाव का गाळलं? माजं ऱ्हाऊ द्या, मालकांचं? मी मेली रोज आरतीच्या येळंला डुईवर पदर घिऊन, डोळं मिटून उंबऱ्यात बसती. येतंय का नाव? न्हाई! परवा सोपानरावाला चार माणसांत झाडला. निस्ते हातवारे करतोय, तोंड उघडतोय, मिटतोय — खोटं बोलायला आवाज कुठनं फुटंल? म्हणलं, नाव घ्या, न्हाईतर भोंगा काढून आणीन आन् कोंबड्या डालीन त्याच्याखाली.

आता तुमी इचारणार, आधीचं भाडेकरू का गेलं. त्यांनाच ठावं. इचारलं की कानावर हात. — आवो, तुमाला काय झालं? कान का दाबताय? ठणका लागला का? तेल कोमट करून देऊ?

...कबुतरं का उडाली वो?

लागलाय व्हय भोंगा? नगा बोलू, निस्ती मान हलवा. — नाव घेत्यात? माजं? — आन् मालकांचं?

म्हंजी... रोजच घेत आसतील.

...

पाव्हणं, ही खोली काय तुमच्या कामाची न्हाई. लई आवाज हाय हितं. जावा तुमी. जाताना सोपानराव भेटला तर त्याला म्हणावं — ऱ्हाऊ द्या, काय म्हणू नगा. दार तेवढं लावून घ्या. हळू लावा, न्हाईतर आपटा, मला काय.