डबा आणणारी मावशी

राव, म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला मावशी पुरवायचं काम सुरू केलं, तेव्हा पत्रकावर मी अभिमानानं छापलं होतं, 'आमच्या मावशी स्वतःचा डबा आणतात. घरच्यांना त्रास नाही.'

आकुर्डीच्या एका आजींचा फोन आला. वाटलं, पहिलं काम मिळालं.

"तुमची मावशी माझ्याकडं जेवणारच न्हाई व्हय?"

"नाही आजी, चहासुद्धा घेणार नाही," मी ठासून सांगितलं.

"मग नको बाबा. पोरगा दर रविवारी हिंजवडीहून येतो, त्योबी जेवूनच येतो. आता मी वाढायचं कुणाला?"

मी चाचरत विचारलं, "आजी, जेवणारी मावशी पाठवू का?"

"पाठव. पन भुकेली पाठव."