तिरपी पट्टी

निलंगा स्टँडावर मी उदगीरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एकाच गावचे दोन म्हातारे बसले होते, किराणावाले गुरुबसप्पा आणि दस्तगीरभाई.

"उदगीरला काय काढलं, दस्तगीरभाई?"

"मोठ्या मौलानांना विचारायचं हाय. आमची जुनी मशीद वाकडी निघाली, अप्पा."

"भिंत खचली का?"

"न्हाई हो, नमाजाची दिशा चुकली. पोरांनी मोबाइलवर बघितलं, तर मक्का जरा उजवीकडं दाखवतंय. आता फरशीवर तिरप्या पट्ट्या मारल्यात."

"निजामाच्याबी आधीची मशीद, अन् आत्ता चुकली?"

"तेच तर! अर्धे लोक भिंतीकडं तोंड करून राहिले, अर्धे पट्टीकडं. रांगेत खांद्याला खांदा लागंना."

"इमामसाब काय म्हणतात?"

"म्हणतात, थोड्या फरकानं काई बिघडत न्हाई. अल्ला दिल बघतो."

"मग झालं की! तुम्ही कुणीकडं तोंड करता?"

"सकाळी भिंतीकडं. संध्याकाळी पट्टीकडं."

"असं लई अवघड. पट्टीकडंच वळा की कायमचं."

"मी वळीन हो. पण मशिदीमागं कबरस्तान हाय. सगळ्या कबरी त्याच भिंतीचा रोख धरून खणल्यात. अब्बाचं तोंड मी माझ्या हातानं तिकडं केलं. त्यांना आता कसं वळवू?"





"थांबा. पोरांचा मोबाइलच चुकला आसंल. हा माझा घ्या. ह्याच्यात बघा एकदा."