दौलतचं निळं पेट्रोल

मंडळी, मायबहिणींनो, कोणी इचोड्याहून आलात, कोणी गुडीहत्नूरहून. जन्मभर मी शाळेत कविता म्हणवून घेतल्या, आज दौलतच्या शोकसभेत मलाच बोलायचं आहे.

दौलत आपल्या विमानपट्टीचा चौकीदार. कपाशीवर फवारणीची विमानं यायची, ते दिवस आठवतात ना? सकाळचं कोवळं ऊन. उडण्याआधी मेकॅनिक टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून उन्हात धरायचा. पाणी तर उतरलं नाही ना? निळं, निळं पेट्रोल! मला त्यात आभाळ दिसे. पाहून झालं की ते दौलतच्या बाटलीत.

वस्तीत त्याचं काय होई? म्हाताऱ्या गुडघ्यांना चोळत. उवांसाठी पोरींच्या डोक्याला लावत. दौलतनंही लावलं, आपल्या लेकीला, रंजनाला. मायेनं लावलं.

एक दिवस मेकॅनिक ओरडला, "अरे, इसमें सीसा मिला है! हाथ धो के खाना खा!"

झालं. दौलत थेट शाळेत. "गुरुजी, शिसं तं जड असते. मंग धुरात उडते कसं? इमान वरून गेलं का वस्तीवर पडत असंल काय? अन् कातडीतून डोक्यात शिरते का?"

मी हसलो. म्हणालो, "दौलत, पोरगी मठ्ठ आहे. पेट्रोलला कशाला बोल लावतोस?"

"मठ्ठ हाय, तेच तं इचारून राह्यलो ना गुरुजी! काऊन हाय?"

मी वह्या तपासायला घेतल्या. तरी तो घरोघर फिरला, बाटल्या मागून मेकॅनिकला परत दिल्या. बायका म्हणाल्या, "दौलतभाऊ, आधी देता, मंग वापस नेता? इमान इकत घेतलं काय?" तोही हसला.

पुढं किती वर्षांनी आम्ही रंजनाला शहरात दाखवायला नेलं, तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, शिसं लेकरांच्या बुद्धीला वाईटच. श्वासातून शिरतं, या पेट्रोलातलं कातडीतूनही. "पण हिचं त्यानंच झालं का, ते आता सांगता येत नाही."

परतताना बसमध्ये दौलत एवढंच बोलला, "म्हंजे माह्याच हातानं का, गुरुजी?"

तो प्रश्न तो सोबत घेऊन गेला.

पण दौलत, तू विचारलंस तरी. मी मास्तर असून विचारलं नाही. कविता पाठ होत नाही म्हणून तुझ्या लेकीला रोज वर्गाबाहेर उभं केलं. ती समोरच बसली आहे.

आता आपण सारे दौलतसाठी दोन मिनिटं उभे राहू, गप्प.

रंजना, बाई, तू बसून राहा. तुला मी फार उभं केलं.